आयसीयूतल्या सिस्टरची कंबर : धोका मोजायचा कसा, आधी बदलायचं काय?

आयसीयूतला व्हेंटिलेटरवरचा पेशंट स्वतःहून कूस बदलू शकत नाही. बेडसोअर होऊ नये म्हणून साधारण दर दोन तासांनी त्याला वळवावं लागतं. म्हणजे एका पेशंटमागे दिवसाला १२ वेळा. नळ्या, वायरी सांभाळत हे वजन पेलतात सिस्टर, ब्रदर आणि वॉर्डबॉय. कंबर धरणं, खांदा आखडणं याला बेळगाव काय, इंदूर काय, सगळीकडे ‘ड्युटीचा भाग’ म्हणून सोडून देतात. खरं तर हा मोजता येणारा धोका आहे.

मोजण्यासाठी ‘रीबा’ ही पद्धत जगभर वापरतात. स्यू हिग्नेट आणि लिन मॅकअॅटॅमनी यांनी ती २००० साली मांडली. काम चालू असताना फोटो किंवा व्हिडिओ घ्यायचा (परवानगीने, आणि पेशंटचा चेहरा टाळूनच). मान, धड, पाय, हात, मनगट किती वाकलंय त्याला गुण द्यायचे, वजन आणि पकड त्यात धरायची. एकूण गुण १ ते १५. ८ ते १० म्हणजे धोका जास्त. ११ किंवा त्यापुढे गेलं की कामाची पद्धत ताबडतोब बदलायला हवी.

पण नुसत्या गुणांवर यादी लावली तर फसगत होते. रीबा एका क्षणाचा हिशेब देते, ती वेळ शिफ्टमध्ये कितीदा येते ते सांगत नाही. सीटी स्कॅनला नेताना पेशंट स्ट्रेचरवर घेणं सगळ्यात अवघड दिसतं, पण ते कधीतरी. सहा बेडच्या आयसीयूत कूस बदलणंच दिवसाला ७२ वेळा होतं, घसरलेला पेशंट वर ओढणं वेगळंच. म्हणून गुण, किती वेळा आणि किती जणांना, या तिन्ही गोष्टी एकत्र धरून क्रम लावावा. पाहणी रात्रपाळीतही हवी, कारण माणसं तेव्हाच कमी असतात.

वजनाचंही माप आहे. पेशंट हाताने उचलताना एका माणसावर सुमारे १६ किलोपेक्षा जास्त भार नको, असं अमेरिकेतले संशोधक थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये सुचवलं. ६० किलोच्या पेशंटचा एक पाय जवळपास १० किलोचा भरतो. दोन्ही पाय एकट्याने उचलले की मर्यादा संपली!

सुरुवात बिनखर्चाच्या गोष्टींपासून होते. कामाआधी बेड कमरेइतका वर घेणं, जवळच्या बाजूचं रेलिंग खाली करणं, दोन्ही बाजूंना माणूस उभा करणं. घाईत नेमकं हेच राहतं. त्यानंतर स्लाइड शीट, म्हणजे पेशंटखाली घालायची गुळगुळीत चादर. ओढायला जोर बराच कमी लागतो. पेशंट उचलायचं यंत्र महाग, पण वजनदार पेशंटसाठी त्याला पर्याय नाही. ‘नीट वाका’ एवढंच शिकवून कंबरदुखी कमी होत नाही, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. तरी बहुतेक ठिकाणी गाडी ट्रेनिंगवरच अडते.

बदल केल्यावर त्याच शिफ्टमध्ये, तेच काम पुन्हा मोजायचं. गुण उतरले नसतील, तर चादर कपाटातच पडून आहे का तेही बघावं.