नौशेऱ्याहून राजौरीला

रामा राघोबा राणे यांच्या परमवीर चक्राचं मानपत्र वाचताना एक गोष्ट चटकन लक्षात येते. राणे यांच्या हातून शत्रूचा अमुक एक सैनिक पडला, अशी एकही नोंद त्यात नाही. नोंदी आहेत त्या वेळेच्या: सकाळी अकरा, दुपारी साडेचार, रात्री दहा, पुन्हा पहाटे सहा. मधल्या वेळात कुठली झाडं उडवली, कुठली मोरी तुटलेली होती, बगलरस्ता किती वाजता तयार झाला, याचा तपशील आहे. बांधकाम खात्याच्या रोजकीर्दीसारखा हा मजकूर आहे, आणि लष्करी इंजिनिअरच्या कामाचं मोल त्यातच नेमकं उतरलं आहे. त्याने मोकळ्या केलेल्या वाटेवरून बाकीचे लढायला जातात.

राणे यांचा जन्म २६ जून १९१८चा, कारवारजवळच्या चेंडिया गावचा. वडील पोलीस शिपाई, त्यामुळे बदल्या आल्याच आणि शाळाही बदलत राहिल्या. घरात लष्करी परंपरा नव्हती. १० जुलै १९४० रोजी, बावीस वर्षांचे असताना, ते खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे सैनिक म्हणून भरती झाले. प्रशिक्षण संपताना सर्वोत्तम रिक्रूट ठरले आणि कमांडंटची छडी त्यांना बक्षीस मिळाली. तिथून त्यांची रवानगी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, २८ फील्ड कंपनीत झाली.

फौज पुढे जात असेल तेव्हा सॅपर, म्हणजे लष्करी इंजिनिअर, रस्ता बांधतो. माघार घेताना मात्र शत्रूच्या उपयोगी पडेल ते सगळं त्यालाच उडवून द्यावं लागतं, म्हणून सर्वांत शेवटी निघतो तोही तोच. आराकानमधून माघार घेताना बुथिडाँगला राणे आणि त्यांची माणसं याच कामासाठी मागे ठेवली गेली. काम उरकल्यावर नौदलाची जहाजं त्यांना उचलणार होती. ती आलीच नाहीत. जपानी गस्त असलेली नदी ओलांडून ही तुकडी आपल्या डिव्हिजनला जाऊन मिळाली. राणे हवालदार झाले, पुढे जमादार. १५ डिसेंबर १९४७ रोजी, स्वातंत्र्यानंतर चार महिन्यांनी, ते सेकंड लेफ्टनंट झाले.

तोवर काश्मीरचं युद्ध पेटलं होतं. नोव्हेंबर १९४७मध्ये राजौरी हल्लेखोरांच्या हाती पडली आणि तिथल्या नागरिकांची मोठी कत्तल झाली. एप्रिल १९४८मध्ये भारतीय फौज नौशेऱ्याहून राजौरीकडे निघाली. डोंगराला वेढे घालत जाणारा एकच रस्ता होता. तो जागोजागी तोडलेला होता, वर चिडाची झाडं आडवी टाकलेली आणि त्यांच्याभोवती सुरुंग पेरलेले.

८ एप्रिलला सकाळी अकरा वाजता, नादपूर दक्षिण इथे, राणे यांची सुरुंग काढणारी तुकडी रणगाड्यांजवळ थांबली होती. काम सुरू व्हायच्या आतच उखळी तोफांचे गोळे आले. दोघे जागीच गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणेही होते. त्यांनी उरलेली माणसं गोळा करून काम सुरू केलं.

सुरुंग काढणं हे हाताचं काम आहे. संगिनीचं टोक तिरकं धरून माती हलकेच चाचपायची, कारण वरून सरळ दाब पडला की सगळं संपलं. धातू लागला की बोटांनी माती बाजूला सारायची. एरवी शांतपणे करायचं हे काम राणे यांना मशिनगनच्या माऱ्यात करावं लागलं. रणगाड्याच्या दोन पट्ट्यांमधल्या, जमिनीपासून जेमतेम हातभर उंचीच्या जागेत सरपटत ते रणगाड्याबरोबर पुढे गेले आणि दोर ओढून चालकाला थांब की चल हे सांगत राहिले, अशी हकिगत त्यांच्याबद्दल सांगितली जाते.

त्या रात्री काम दहापर्यंत चाललं. ९ तारखेला पहाटे सहाला पुन्हा सुरुवात, आणि दुपारी तीनला बगलरस्ता तयार. मग राणे स्वतः सगळ्यांत पुढच्या गाडीत बसले. अर्ध्या मैलावर झाडं आडवी, ती उडवली. आणखी तीनशे यार्डांवर पुन्हा झाडं. पुढे तुटलेली मोरी. संध्याकाळी सव्वासहाला, उजेड ओसरत असताना, सुरुंगांनी वेढलेली पाच मोठी झाडं समोर आली. राणे तीही काढायला लागले होते, पण रणगाडा-पथकाच्या प्रमुखाने ताफा रात्रीपुरता थांबवला. दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला राणे त्याच झाडांपाशी होते. साडेसहाला अडथळा मोकळा झाला.

त्यापुढची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. १० तारखेला साडेदहापर्यंत पुढचा हजार यार्ड मोकळा झाला आणि रणगाडे रस्ता सोडून तावी नदीच्या पात्रात उतरले. दुपारी दोनला ते राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोहोचले. रणगाड्यांपुरतं राणे यांचं काम तिथे संपलं होतं. पण मागून रसदीचा ताफा यायचा होता, आणि त्याला रस्ताच हवा होता. जखमी राणे अन्न-विश्रांतीविना रात्री नऊपर्यंत खपत राहिले. ११ तारखेला सहाला पुन्हा सुरुवात केली आणि अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला केला. फौज १२ एप्रिलला राजौरीत शिरली.

राणे १९६८मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले. अठ्ठावीस वर्षांच्या सेवेत युद्ध-खलित्यांत त्यांचा गौरवाने पाच वेळा उल्लेख झाला. फेरनियुक्तीवर ते १९७१पर्यंत सैन्यातच राहिले आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात वारले. शिपिंग कॉर्पोरेशनने एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव दिलं होतं. कारवारच्या किनाऱ्यावर, 'चपल' या युद्धनौकेच्या संग्रहालयाशेजारी, २००६पासून त्यांचा पुतळा उभा आहे.