गणिताचा मास्तर, मेकॅनो आणि तुमच्या ॲपमधला फिल्टर

एक काम करा. फोनवर कुठलंही शॉपिंग ॲप उघडा आणि बूट शोधा. वर किंवा बाजूला फिल्टर दिसतील: साइज, रंग, किंमत, ब्रँड. आमच्या धंद्यात याला फॅसेटेड सर्च म्हणतात. असला कोड लिहूनच माझं पोट चालतं, पण यातला ‘फॅसेट’ हा शब्द या अर्थाने कुणी रुळवला, हे मला नोकरीला लागून तीन वर्षं होईपर्यंत माहीत नव्हतं. मद्रासच्या एका ग्रंथपालाने. शियाळी रामामृत रंगनाथन, जन्म १८९२.

गंमत म्हणजे त्यांना ग्रंथपाल व्हायचंच नव्हतं. माणूस गणिताचा. एम.ए. झाले, मंगळूर, कोइंबतूर करत मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवायला आले. बोलताना अडखळायचे, तरी वर्गात रमलेले. मद्रास विद्यापीठाला ग्रंथपाल हवा होता आणि पगार जास्त होता. जानेवारी १९२४ मध्ये ते रुजू झाले आणि काही दिवसांतच कंटाळले. समोर विद्यार्थी नाहीत, वाचक नाहीत, नुसती कपाटं. कॉलेजच्या प्रिन्सिपलकडे जाऊन म्हणाले, मला परत घ्या. ठरलं असं की आधी लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून या, त्यानंतरही कंटाळा आला तर बघू.

लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकले आणि तिथली शंभराहून जास्त ग्रंथालयं पालथी घातली. पुस्तकं कामगारांपर्यंत, मुलांपर्यंत जातात, हे त्यांनी तिथे पाहिलं. आणि सेल्फ्रिजेसच्या दुकानात पाहिला मेकॅनोचा खेळ. त्याच पट्ट्या, तेच नट-बोल्ट. कधी क्रेन होते, कधी पूल.

हे डोक्यात का बसलं, ते सांगतो. तेव्हा ड्यूईची दशांश पद्धत चालायची, १८७६ ची. ती झाडासारखी, म्हणजे फोल्डरच्या आत फोल्डर. सगळ्या विषयांची घरं आधीच बांधून ठेवलेली. दोन-तीन विषय एकत्र आलेलं पुस्तक आलं की पंचाईत. रंगनाथन यांनी उलटं केलं. तयार घरं द्यायचीच नाहीत, सुटे तुकडे द्यायचे, जोडणी ग्रंथपालाने करायची. सुरुवातीला जोडायला फक्त कोलन, म्हणून नाव कोलन क्लासिफिकेशन, मराठीत द्विबिंदू वर्गीकरण. पुस्तक आलं १९३३ मध्ये.

उदाहरण घ्या. ‘फुप्फुसाच्या क्षयावर क्ष-किरणांनी उपचार, त्यावर भारतात १९५० च्या सुमारास झालेलं संशोधन’. वैद्यकाला एल, फुप्फुसाला ४५, क्षयाला ४२१, उपचाराला ६, क्ष-किरणांना २५३, संशोधनाला एफ, भारताला ४४, १९५० च्या दशकाला एन५. मध्ये विरामचिन्हं टाकली की झाला नंबर.

टॅग तर कुणीही लावेल. पण पुस्तक ही वस्तू आहे, फळीवर एकाच जागी बसते, म्हणून टॅगचा क्रमही पक्का लागतो. तो त्यांनी दिला: व्यक्तित्व, पदार्थ, क्रिया, स्थळ, काळ. डेटाबेसमध्ये इंडेक्सच्या कॉलमांचा क्रम चुकवून ज्याने शिव्या खाल्ल्यात, त्याला याचं मोल कळेल. अर्थात हे नंबर लांबलचक, पुस्तकाच्या पाठीवर मावायची मारामार. आपल्याकडेही बहुतेक ठिकाणी शेवटी ड्यूईच राहिला. मला विचाराल तर ही पद्धत पुठ्ठ्याच्या पाठीपेक्षा स्क्रीनसाठीच जास्त होती, पण तेव्हा स्क्रीन कुठे होता!

लंडनहून १९२५ मध्ये परतले ते थेट १९४४ पर्यंत मद्रासला. रजा नाही, सुट्टी नाही. लग्नाच्या दिवशीही लायब्ररीत गेले, असं सांगतात. लोक हे कौतुकाने सांगतात, मला मात्र त्यांच्या बायकोचा विचार येतो. पण त्या वेडातूनच १९३१ चे पाच नियम आले. पहिला नियम सुचेना, तेव्हा गणिताचे जुने प्रोफेसर रॉस यांनी सहज बोलता बोलता तो सांगून टाकला: पुस्तकं वापरासाठी असतात. मग प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, आणि ग्रंथालय ही वाढणारी जिवंत गोष्ट आहे.

पहिला नियम बाळबोध वाटतो ना? त्यासाठी त्यांनी कपाटं उघडी केली, वाचकाला थेट फळीपर्यंत जाऊ दिलं, वेळ वाढवून घेतली. पुस्तक हरवेल, या भीतीने कुलूप लावणाऱ्यांशी त्यांचं भांडण होतं.

माझ्या इंजिनिअरिंग कॉलेजात, नाव नको, हे पाचही नियम फ्रेम करून भिंतीवर लावले होते. त्याच भिंतीला काचेची कपाटं, कुलूपबंद. चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं, शिपाईकाका आत जायचे आणि बहुतेकदा ‘नाही मिळालं’ म्हणत परत यायचे. चार वर्षांत मी तिथून अकरा पुस्तकं घेतली, कार्डावर नोंद आहे. कपाटात हात घालून, चाळून घेतलेलं एकही नाही. भीती खोटी नव्हती, पानं फाडणारी पोरं आमच्यातच होती. पण त्यांच्या धाकाने चारशे जणांनी कपाटाच्या बाहेर उभं राहायचं?

१२ ऑगस्टला रंगनाथन यांच्या नावाने ग्रंथपाल दिन असतो. तुमच्या कॉलेजात त्या दिवशी जाऊन बघा, कपाटं उघडी आहेत का, आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ती ऐकूया.