इरल्यापासून रेनकोटपर्यंत

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतला पावसाळी पेहराव भाताच्या आवणीने, म्हणजे लावणीने, घडवला. इथे जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो, बाकीचे वर्ष जवळजवळ कोरडे. हिवाळ्यात पाणी अडवणारे काही अंगावर घ्यायची वेळच येत नाही. पाऊस पडतो तोही उकाड्यात. थंडी भरते ती दिवसभर ओल्या पाठीने चिखलात वाकून राहिल्यामुळे. म्हणून इथल्या माणसाला पाठ झाकणारे, हात मोकळे ठेवणारे आणि आत वारा खेळू देणारे काहीतरी हवे होते.

ते काम इरल्याने केले. बांबू चिरून पातळ कामट्या काढायच्या, त्यांची विरळ जाळी विणायची, तिच्यावर पळसाची, मिळतील तिथे सागाची, पाने कौलांसारखी एकमेकांवर चढवत लावायची आणि वरून दुसऱ्या जाळीने ती दाबून धरायची. वरचे टोक डोक्यावर बसते, बाकीचा भाग पाठीवरून कमरेखाली उतरतो. उभ्या माणसाच्या अंगावर हे सारे अवजड वाटते. वाकले की पाठीवर छप्पर तयार होते आणि पाणी दोन्ही बाजूंनी ओघळून जाते. इरले अंगाला चिकटत नाही, त्यामुळे घाम आत कोंडत नाही. पाने कुजली, फाटली की बदलायची. सांगाडा धड असेल तर पुन्हा वापरायचा. पैसा लागत नसे, फक्त कोयता, हातातली कला आणि जंगलात जायची मोकळीक लागे.

ही मोकळीकच पुढे आटत गेली. 1878च्या वन कायद्याने राखीव जंगलातून काय आणावे यावर सरकारी बंधने आली. जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या आणि इथली आदिवासी वारली कुटुंबे वेठीत आणि लग्नाच्या कर्जापायी राबवणाऱ्या लग्नगडीच्या पद्धतीत अडकली. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली 1945 साली वारल्यांचा लढा उभा राहिला, तो या वेठीविरुद्ध आणि रास्त मजुरीसाठी.  

इरल्याच्या जोडीला घोंगडी होती. देशावरच्या दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली ही घोंगडी डोक्यावरून खोळ करून घेतली की सरीला दाद देत नाही आणि भिजली तरी ऊब धरते. पण ओली झाली की तिचे वजन जाणवते, वाळायला वेळ लागतो, आणि ती विकत आणावी लागते. गुरे राखणाऱ्याला ती सोयीची, लावणी करणाऱ्याला अडचणीची.

कारखान्यातले जलरोधक कापड इथे रेनकोट रुजण्याच्या कितीतरी आधी निघाले होते. चार्ल्स मॅकिंटॉशने 1823मध्ये दोन कापडांमध्ये रबर बसवण्याचे पेटंट घेतले. कलकत्त्याच्या बेंगॉल वॉटरप्रूफने 1920पासून ‘डकबॅक’चे रेनकोट देशात रुजवले. ते साहेबाच्या, कारकुनाच्या, शाळकरी मुलाच्या अंगावर शोभले. भातखाचरात मात्र रबरी कोट म्हणजे शिक्षाच: पावसाने नाही तर घामाने माणूस भिजणारच.

इरल्याला खरे मागे सारले ते प्लास्टिकने. खताची रिकामी गोणी एका कोपऱ्यात दुमडून डोक्यावर टोपडे करायचे, किंवा बाजारातून प्लास्टिकचा कागद आणून गळ्याशी गाठ मारायची. कागद हलका, स्वस्त, घडी करून कमरेला खोचता येणारा. बांबू आणायला नको, विणायला दिवस घालवायला नको. वाऱ्यात मात्र तो फडफडतो आणि वाकलेल्या पाठीला चिकटतो. इरल्याची सर त्याला नाही. बांबूला 2006च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजात धरले, म्हणजे तो आणायची मोकळीक परत दिली, पण तोवर विणणारे हात कमी झाले होते.

रेनकोट इथे खऱ्या अर्थाने रुजला तो मोटरसायकलवर. तलासरीतून उंबरगाव, वापीच्या कारखान्यांत पाळीला जाणाऱ्याला मुंबई-अहमदाबाद महामार्गावर समोरून येणारा वारा आणि ट्रकच्या चाकांनी उडवलेले पाणी अडवायचे असते. त्यासाठी इरले निरुपयोगी. कोट आणि पँट अशी जोडीच लागते, शिवण आतून पट्टी चिकटवलेली आणि चेनवर झाकण असलेली. घाम निघू देणारी, पाणी अडवणारी कापडे 1970च्या दशकात परदेशात आली, पण ती महाग. इथे चालतो तो साधा प्लास्टिकचा किंवा नायलॉनचा रेनकोट. पाळीवरून परतलेला हाच माणूस आवणीला उतरतो तेव्हा रेनकोट काढून ठेवतो आणि डोक्यावर कागद बांधतो.