लिव्हरपूलचा साचा, कलकत्त्याची मोटार

तळहातावर मावेल एवढी मोटार. रंग हिरवा, नाक निमुळतं, चाकं उघडी, मधल्या खळग्यात बसलेला चालक. ती उलटी करून तळ पाहिला की खरी गंमत कळते. मूळचं ‘डिंकी’ हे नाव जाऊन तिथं ‘निकी’ आलेलं असतं. जुनी खेळणी जमवणारी मंडळी ‘निकी’ म्हटलं की जरा नाक मुरडतात. इंग्लंडमधली ती अस्सल, कलकत्त्याची ती दुय्यम, असा त्यांचा सरळ हिशेब. मला हा हिशेब पटत नाही. का पटत नाही ते सांगण्याआधी ही मोटार मुळात कोणती, ते सांगायला हवं.

तिचं नाव व्हॅनवॉल. टोनी व्हँडरवेल नावाचे एक इंग्रज कारखानदार होते. इंजिनात लागणारी पातळ बेअरिंग बनवणं हा त्यांचा धंदा. त्या बेअरिंगचं व्यापारी नाव ‘थिनवॉल’. आडनावातला ‘व्हॅन’ आणि मालाच्या नावातला ‘वॉल’ जोडून मोटारीचं नाव झालं. त्या काळी शर्यतीत देशागणिक रंग ठरलेले असत. इटलीचा लाल, इंग्लंडचा हिरवा. लाल मोटारी जिंकत होत्या आणि हिरव्या मागं राहत होत्या, हे व्हँडरवेल यांना सहन होत नव्हतं. गंमत अशी, की खुद्द फेरारी त्यांचं बेअरिंगचं गिऱ्हाईक होते.

सांगाडा कॉलिन चॅपमन यांचा, वरचं निमुळतं अंग फ्रँक कॉस्टिन यांचं, आणि इंजिनाची कल्पना नॉर्टन या मोटारसायकलवरून घेतलेली. २० जुलै १९५७ रोजी एन्ट्रीला ब्रिटिश ग्रां प्रीमध्ये टोनी ब्रूक्स जखमी अंगानं मोटार चालवत होता. मध्येच त्यानं ती स्टर्लिंग मॉसच्या हवाली केली आणि मॉसनं ती पहिली आणली. जागतिक स्पर्धेतली शर्यत इंग्रजी बनावटीच्या मोटारीनं जिंकण्याची ही पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी, १९५८ साली, मोटार बनवणाऱ्यांसाठी स्वतंत्र अजिंक्यपद पहिल्यांदाच ठेवलं गेलं. तीन शर्यती मॉसनं जिंकल्या, तीन ब्रूक्सनं. व्हॅनवॉल ४८ गुण, फेरारी ४०.

चालकांचं अजिंक्यपद मात्र मॉसला मिळालं नाही. पोर्तुगालच्या शर्यतीत फेरारीचा माइक हॉथॉर्न बाद ठरण्याच्या बेतात होता. मॉसनं जाऊन आपल्याच प्रतिस्पर्ध्याच्या बाजूनं साक्ष दिली. हॉथॉर्नचे गुण वाचले, आणि वर्षअखेर तो ४२ विरुद्ध ४१ अशा एका गुणानं विजेता झाला. मॉस २०२० साली गेला. अजिंक्यपद त्याला कधीच मिळालं नाही. कासाब्लांकाच्या शेवटच्या शर्यतीत व्हॅनवॉलचा तिसरा चालक स्टुअर्ट लुइस-इव्हान्स भाजला आणि सहा दिवसांनी वारला. व्हँडरवेल यांची प्रकृती आधीच ढासळली होती. १९५९ च्या जानेवारीत त्यांनी संघ आवरता घेतला. पुढं तुरळक एखादी शर्यत, बस्स. जगातलं पहिलं अजिंक्यपद मिळवणारी मोटार तीन महिन्यांत मैदानाबाहेर गेली.

पण तिचा साचा शिल्लक होता. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मेकॅनो कंपनीचा कारखाना होता. त्यांच्या डिंकी खेळण्यांत ही मोटार १९५८ सालीच आली. पोलादी साच्यात जस्ताचा वितळलेला मिश्रधातू दाबानं सोडायचा, थंड झाला की साचा उघडायचा, सांध्यावर आलेली जादा पापडी काढायची, मग रंग. जस्तात शिसं मिसळलं गेलं तर खेळणं काही वर्षांनी आपोआप तडकतं. युद्धापूर्वीच्या कितीतरी डिंकी अशाच भुगा झाल्या. पुढं कॉर्गीसारखे स्पर्धक आले, जुने नमुने मागं पडले. बिन्स रोडला त्यांचा उपयोग उरला नाही.

आपल्याकडे त्याच वेळी परदेशी चलनाची चणचण होती आणि आयातीवर कडक बंधनं. बाहेरून खेळणं येणं कठीण, पण साचा येऊ शकत होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे बरेच जुने साचे कलकत्त्याच्या एस. कुमार अँड कंपनीकडे आले. जग्वार, बेंटली, मर्सिडीज आणि त्यांच्यातच ही व्हॅनवॉल. मुंबईच्या मध्यमवर्गीय मुलाच्या हातात परदेशी शर्यतीची मोटार पडायची ती बहुधा या वाटेनं.

हे उपनगरातल्या माणसाला नवं वाटायला नको. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून जी फियाट ११०० डी बनू लागली, तिचंही हेच. इटलीत ती गाडी १९६६ साली बंद झाली. आपल्याकडे ती १९७४ पासून पद्मिनी झाली आणि शतक संपेपर्यंत कुर्ल्यातून बाहेर पडत राहिली. पद्मिनीची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर. तिकडे कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला जुनी मॉरिस ऑक्सफर्ड अँबॅसडर म्हणून २०१४ पर्यंत बनत होती. पद्मिनीला आपण कधी दुय्यम फियाट म्हटलं नाही. तिच्यात बसून आपण माहेरी गेलो, दवाखान्यात गेलो, लग्नाला गेलो. मग निकीलाच वेगळा न्याय का?

आमचे एक चाचा कुर्ल्यात साच्यांच्या दुरुस्तीचं काम करत. त्यांच्या हातात मी एकदा निकीची मोटार दिली. त्यांनी रंग पाहिलाच नाही. अंगठा सांध्यावरून फिरवला आणि म्हणाले, साचा म्हातारा आहे, कडा गेल्यात, पण घासणारा हात चांगला आहे. साचा झिजला की दोन अर्धी नीट मिटत नाहीत, पापडी जाड येते, आणि ती कानशीनं काढणाऱ्याचं काम वाढतं. बिन्स रोडवर ताज्या साच्यानं जे आपोआप दिलं, ते इथं कुणीतरी हातानं भरून काढत होतं. संग्राहक ज्याला ओबडधोबडपणा म्हणतात, त्यातला निम्मा त्या कानशीचा माग आहे.

आणि मोटारशर्यत आपल्याला अगदी परकी होती असंही नाही. इंग्लंडचं सिल्व्हरस्टोन हे युद्धकाळातलं विमानतळ होतं. आपल्या जुहूच्या धावपट्टीवरही एके काळी शर्यती झाल्या आहेत. ज्या जुहूला १९३२ साली जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन उतरले, तीच ही जागा.

बिन्स रोडचा कारखाना १९७९ साली बंद पडला. आपल्याकडे २००१ साली आयातीवरची उरलेली बंधनं उठली, आणि चिनी खेळण्यांनी दुकानं भरली. आज व्हॅनवॉलची नवी, आरशासारखी गुळगुळीत प्रतिकृती पैसे टाकले की मिळते. निकी मात्र चोरबाजारात किंवा एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावरच सापडायची. तशी सापडली, तर एक विनंती आहे. रंग उडालेला असेल, चाकं गेलेली असतील, तरी तिला नवा रंग देऊ नका आणि तळ घासू नका. पुसलेलं नाव उजेडात तिरकं धरलं, तर कधी कधी अजून वाचता येतं.