फीत आणि कात्री

ध्वनि हा मूळचा नाशवंत. उमटला कीं विरला, अशी त्याची जात. तो धरून ठेवण्याची विद्या साधली तेव्हां लोकांना प्रथम तिचें जतनाचें मोल कळलें. परंतु जें हातीं धरतां येतें तें कापतां येतें आणि जोडतांहि येतें, ही गोष्ट फार काळ लपून राहिली नाहीं. जुन्या ध्वनिफितींपासून नवी कलाकृति घडविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास येथूनच सुरू होतो.

या कलेचा आरंभ मात्र फितीवर झाला नाहीं. १९४४ सालीं कैरो येथें हलीम एल-दब यांनीं तारेवर ध्वनि टिपणारें यंत्र घेऊन झार विधींतील गायन मुद्रित केलें आणि त्यांतील स्वर पालटून एक रचना सिद्ध केली. ५ ऑक्टोबर १९४८ रोजीं पॅरिसच्या नभोवाणीवरून प्येर शेफर यांच्या रचना ऐकविण्यांत आल्या. त्यांतील एक आगगाडीच्या आवाजांची होती, आणि ती तबकड्यांवर घडविलेली होती. तबकडी कापतां येत नाहीं. ड्रेस्डेनच्या फ्रिट्झ फ्लॉयमर यांनीं १९२८ सालीं कागदी पट्टीवर लोहचूर्णाचा लेप देऊन जी फीत काढली होती, तिनें ही अडचण दूर केली. फितीवर काळाची लांबी होते: ती कापली कीं क्षण कापला जातो, उलटी चालविली कीं आवाज उलटा निघतो, टोकें जुळवून वेटोळें केलें कीं तोच ध्वनि अखंड फिरत राहतो.

भारतांत हा प्रयोग अहमदाबादेस झाला. १९४६ सालीं न्यूयॉर्क येथें गीता साराभाई यांनीं जॉन केज यांना भारतीय संगीताचा परिचय करून दिला होता. केज यांचे सहकारी डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्यानें १९६९ सालीं तेथील राष्ट्रीय डिझाईन संस्थेंत विद्युत्-संगीताची कार्यशाळा उभी राहिली. मुंबईंत फिल्म्स डिव्हिजनच्या प्रमोद पती यांनीं १९६८ च्या ‘एक्स्प्लोरर’ या लघुपटांत चित्रांच्या तुकड्यांबरोबर आवाजांचेहि तुकडे जुळविले होते. अहमदाबादची कार्यशाळा थोड्याच वर्षांत थांबली व तिच्या फिती संग्रहांत विस्मृत पडल्या. पॉल पर्गस यांनीं त्या शोधून काढल्या, आणि २०२३ सालीं त्यांतील निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. फिती कोणी टाकून दिल्या नव्हत्या, म्हणूनच हा इतिहास आज ऐकूं येतो.

१९६३ सालीं फिलिप्स कंपनीनें कॅसेट बाजारांत आणली, तेव्हां हें साधन घरोघर जाण्याजोगें झालें. तिची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद व वेग सेकंदास ४.७६ सेंटिमीटर; म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटींत सुमारें ८६ मीटर फीत. त्याच वर्षीं नाम जून पाइक यांनीं जर्मनींत वुपरटाल येथें फितीच्या पट्ट्या भिंतीवर चिकटविल्या आणि श्रोत्याच्या हातीं वाचकशीर्ष दिलें. पुढें विल्यम बॅसिन्स्की हे आपल्या १९८० च्या दशकांतील फिती उतरवून ठेवीत असतां वेटोळ्यांवरील लेप फिरतां फिरतां गळूं लागला. तें गळणेंच त्यांच्या २००२ च्या प्रसिद्ध रचनेचें संगीत झालें. ती कलाकृति जतनाच्या कामांतूनच निपजली, हें विसरतां येत नाहीं.

महाराष्ट्रांत या गोष्टीस विशेष अर्थ आहे. हेमा राइरकर आणि गी पॉइतवां यांच्या परिश्रमानें खेड्यांतील बायकांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या लिहून घेण्यांत आल्या. परंतु लिहिलेली ओवी शब्द राखते, चाल राखीत नाहीं; चाल व गळा राहिला तो ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांचाच. बाजारांतील भजनाच्या कॅसेटीच्या हजारों प्रती निघत असत. तिला कात्री लावली तर कांहीं बुडत नाहीं. परंतु वसईच्या होळीपासून निर्मळपर्यंत एखाद्या घरीं सामवेदी बोलींतील लग्नगीतांची हातानें मुद्रित केलेली फीत असेल, तर ती एकमेव असण्याचाच संभव अधिक. कलावंतानें अशी फीत अवश्य घ्यावी; पण आधीं तिची प्रत उतरवून घरधन्याच्या स्वाधीन करावी, आणि मगच कात्री हातीं घ्यावी.