पहिल्यांदाच लग्नाचे फोटो काढताय? कॅमेऱ्याइतकीच या गोष्टींची तयारी करा

घरातलं किंवा मित्राचं लग्न ठरतं, आपल्याकडे कॅमेरा असतो आणि 'फोटो तूच काढ' असं सगळे म्हणतात. लग्नाच्या फोटोग्राफीत अनेकांची सुरुवात अशीच होते.

जत्रेतला किंवा किल्ल्यावरचा फोटो चुकला तर पुन्हा जाता येतं. अंतरपाट मात्र एकदाच दूर होतो. म्हणून पहिल्या लग्नात कॅमेरा किती महागाचा आहे यापेक्षा पुढच्या मिनिटाला काय होणार आहे, हे माहीत असणं जास्त उपयोगी पडतं. धाराशिव, तुळजापूर, कळंब, उमरगा या भागातली लग्नं समोर ठेवून ही तयारी कशी करायची, ते पाहू.

लग्नाचा क्रम आधी लिहून घ्या

लग्नपत्रिकेवर हळद आणि मुहूर्त या दोनच वेळा असतात. फोटोग्राफरला लागणारी बाकीची माहिती घरातल्या मोठ्या माणसांकडून घ्यावी लागते. देवक कधी बसणार? नवरदेव मारुतीच्या दर्शनाला कुठून निघणार? सप्तपदी मंगलाष्टकांच्या आधी आहे की नंतर? कानपिळी, सुनमुख, झाल हे विधी कोणत्या क्रमानं होणार? गावागणिक आणि समाजागणिक हा क्रम बदलतो. त्यामुळे एका लग्नाचा अंदाज दुसऱ्या लग्नात चालेलच असं नाही.

बौद्ध पद्धतीच्या लग्नात त्रिशरण-पंचशील आणि पुष्पहार घालण्याचा क्षण महत्त्वाचा असतो. तिथं अंतरपाटाची वाट पाहत बसलात तर मुख्य फोटो हातचा जाईल. निकाहमध्ये अनेकदा वधू आणि वर वेगवेगळ्या ठिकाणी बसलेले असतात. महिलांच्या बाजूला फोटो काढायचे आहेत का आणि ते कोणी काढायचे, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

लग्नानंतरचे दिवसही मोजा. या भागात नवं जोडपं तुळजापूरला तुळजाभवानीच्या दर्शनाला जातं आणि अनेक घरांत जागरण-गोंधळ होतो. गोंधळ रात्री असतो. संबळ, तुणतुणं आणि पेटती दिवटी हेच त्याचं खरं दृश्य. तिथं थेट फ्लॅश मारला तर दिवटीचा उजेड आणि वातावरण दोन्ही निघून जातं. आयएसओ वाढवून दिवटीच्याच उजेडात काही फोटो घ्या. मंदिरात मात्र फोटो कुठे काढता येतात, हे विचारल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढू नका.

दुपारचा मुहूर्त आणि डोक्यावरचं ऊन

धाराशिव शहर साधारण १८.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्याला, म्हणजे ऐन लग्नसराईत, इथं शून्य सावलीचा दिवस येतो. त्या सुमारास दुपारी १२ वाजून २० मिनिटांच्या आसपास सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो. साडेबाराच्या आसपासचा मुहूर्त असेल तर नेमक्या त्याच वेळी तुम्ही फोटो काढत असता.

अशा उन्हात कपाळ आणि नाक चमकतं, डोळ्यांखाली काळी सावली पडते. फेटा आणि मुंडावळ्यांची सावली त्यात भर घालते. उपाय साधे आहेत. वधू-वरांचे वेगळे फोटो उघड्यावर न काढता ओसरीत, झाडाच्या दाट सावलीत किंवा मांडवाच्या कडेला घ्या. परण्या किंवा वरात उन्हातच असेल तर फ्लॅश कमी ताकदीवर लावून चेहऱ्यावरची सावली हलकी करा.

मुहूर्त संध्याकाळचा असेल तर अडचण उलटी असते. मेच्या मध्याला इथं सूर्य साधारण ६.५० ला मावळतो. गोरज मुहूर्ताच्या लग्नात विधी सुरू होताना उजेड असतो आणि आहेर सुरू होईपर्यंत अंधार पडतो. जोडप्याचे फोटो सूर्यास्ताआधीच्या तासात उरकून घ्या. सत्कार आणि पाहुण्यांच्या भाषणांमुळे मुहूर्त पुढे सरकू शकतो, हेही धरून चला.

मांडवातले रंग आणि लुकलुकणारे दिवे

लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवाखाली सगळ्यांचे चेहरेही लाल-पिवळे दिसतात. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतं. म्हणून फोटो रॉ फाइलमध्ये काढा, म्हणजे रंग नंतर दुरुस्त करता येतो. मुहूर्ताआधी मांडवात पांढऱ्या कागदाचा एक फोटो घेऊन ठेवला तर ही दुरुस्ती सोपी जाते. फ्लॅश छताकडे वळवून मारायची सवय असेल तर इथं जपून, कारण रंगीत कापडावरून परतलेला उजेडही रंगीतच असतो.

दुसरी अडचण स्टेजवरच्या एलईडी दिव्यांची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे स्वस्तातले अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर स्पीड फार जास्त ठेवला तर फोटोत आडवे काळसर पट्टे उमटू शकतात. पट्टे दिसले तर शटर १/१०० वर आणून पाहा किंवा कॅमेऱ्यातली अँटी-फ्लिकर सोय सुरू करा. ही चाचणी पाहुणे येण्याआधी, रिकाम्या स्टेजवर करा.

मंगलाष्टकांच्या वेळी उभं कुठं राहायचं?

शेवटच्या 'सावधान'नंतर अंतरपाट दूर होतो, अक्षतांचा वर्षाव होतो, वाजंत्री सुरू होते आणि लगेच हार घातले जातात. हे सगळं काही सेकंदांत आटोपतं. त्या आवाजात 'जरा थांबा' म्हटलेलं कोणाला ऐकू जात नाही.

अंतरपाटाच्या बाजूला, काटकोनात उभं राहिलं तर पडद्याच्या अलीकडे वधू आणि पलीकडे वर असे दोघंही एका फोटोत येतात. मंगलाष्टकं सुरू होण्याआधीच ती जागा धरा. भटजींना, मामांना आणि करवल्यांना 'मी इथं उभा राहणार आहे' असं नम्रपणे सांगा. मोबाइल उंचावणारे पाहुणे आडवे येणारच, म्हणून उभं राहायला एखादा भक्कम स्टूल जवळ ठेवा.

उडत्या अक्षता स्पष्ट हव्या असतील तर शटर १/५०० च्या आसपास लागतो. एलईडीचे पट्टे येत असतील तर फ्लॅश वापरा. शटर मात्र तुमच्या कॅमेऱ्याच्या फ्लॅश मर्यादेत, साधारण १/२०० पर्यंत ठेवावा लागेल. या वेळी लेन्स बदलू नका. अक्षता, हळद-कुंकू आणि धूळ थेट सेन्सरवर जाते.

आजीचा फोटो राहून जाऊ देऊ नका

लग्नानंतर काही वर्षांनी अल्बममध्ये सजावट कोणी शोधत नाही. आजी कुठे आहे, मोठे चुलते कुठे आहेत, हे शोधलं जातं. म्हातारी माणसं स्टेजवर चढत नाहीत, मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसून राहतात आणि म्हणूनच फोटोतून सुटतात. त्यांच्याकडे वधू-वरांना घेऊन जायला पाच मिनिटं राखून ठेवा.

घरच्यांच्या फोटोंची यादी दोन्हीकडून घ्या आणि नाती ओळखणारा एक माणूस दोन्ही बाजूंनी मागून घ्या. आत्या, मावशी, मामा यांना हाक मारून आणणं फोटोग्राफरला जमत नाही. मोठ्या ग्रुपमध्ये अ‍ॅपर्चर ५.६ ते ८ ठेवा, म्हणजे मागची रांगही स्पष्ट येईल. कोणाचे तरी डोळे मिटतात, म्हणून प्रत्येक ग्रुपचे निदान तीन फोटो घ्या.

विवाह नोंदणीसाठी अर्जासोबत साधारणपणे लग्नपत्रिका आणि लग्नविधीचा फोटो मागितला जातो. त्यासाठी दोघांचे चेहरे समोरून स्पष्ट दिसणारा एक साधा फोटो आठवणीनं काढून द्या.

कार्ड, बॅटरी आणि कॉपी

२४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल सुमारे २५ ते ३० एमबी भरते. २,००० फोटो म्हणजे ५० ते ६० जीबी. एकाच मोठ्या कार्डावर सगळं लग्न ठेवण्यापेक्षा लहान कार्डं वापरा. कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय असेल तर दोन्हींवर एकाच वेळी साठवा. निदान तीन बॅटऱ्या न्या, कारण मांडवात चार्जिंगची जागा आणि वीज दोन्हींची खात्री नसते. उन्हात उभ्या गाडीत कॅमेरा ठेवू नका.

त्याच रात्री सगळे फोटो दोन वेगळ्या ठिकाणी उतरवा. दोन्ही कॉपी उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नका. आहेर सुरू होण्याआधीच्या पंगतीत जेवून घ्या. नंतर वेळ मिळत नाही आणि उपाशी माणसाचे हात थरथरतात.

फोटो कोणाच्या मालकीचे?

अनेकांना वाटतं, फोटो मी काढला म्हणजे तो माझा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक फोटो काढून घेणारा असतो. म्हणजे नवरीचे फोटो आपल्या इन्स्टाग्राम पानावर टाकायचे असतील तर घरच्यांची परवानगी घ्यायला हवी. ती लेखी असावी. त्याच कागदावर किती तास काम, किती फोटो, अल्बम कधी आणि आगाऊ रक्कम किती, हेही लिहा. काम नात्यातलं असलं तरी लिहा. वाद नात्यातच जास्त झोंबतात.

ड्रोन न्यायचा असेल तर ड्रोन नियम, २०२१ पाहून घ्या. २५० ग्रॅमपेक्षा जास्त वजनाचा ड्रोन व्यवसायासाठी उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं.

ऑर्डर घेण्याआधी वयाची खात्री

बालविवाहाचा प्रश्न मराठवाड्यात अजून संपलेला नाही. बालविवाह प्रतिबंध कायदा, २००६ नुसार मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण असावं लागतं. असा विवाह लावणाऱ्याला, घडवून आणणाऱ्याला किंवा त्याला साहाय्य करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलगी लहान वाटत असेल तर वयाचा पुरावा विचारा. मिळत नसेल तर काम घेऊ नका आणि १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर कळवा. ऑर्डर गेली तर पुढची मिळेल. शाळेतून काढून बोहल्यावर उभ्या केलेल्या मुलीची वर्षं परत मिळत नाहीत.

थोडक्यात: निघण्याआधी तपासा

- विधींचा क्रम आणि दोन्हीकडच्या एकेका माणसाचा फोन नंबर
- मुहूर्ताच्या वेळी ऊन कुठून येईल आणि सावलीची जागा कुठे आहे
- रिकाम्या स्टेजवर दिव्यांची चाचणी
- घरच्यांच्या फोटोंची यादी, म्हाताऱ्या माणसांची नावं सर्वांत वर
- रिकामी कार्डं, भरलेल्या बॅटऱ्या आणि जमलं तर उसना घेतलेला दुसरा कॅमेरा
- कामाच्या अटी आणि फोटो वापरायची परवानगी लिहिलेला कागद