निजेचा वाटा

लवकर निजावे आणि लवकर उठावे, हा उपदेश आपल्यापैकी प्रत्येकीने लहानपणी ऐकलेला आहे आणि पुढे आपल्या मुलांना ऐकवलेलाही आहे. उन्हे वर आल्यावर अंथरूण सोडणाऱ्याला आपण थट्टेने 'सूर्यवंशी' म्हणतो. दुपारी जेवणानंतर घरातील कर्ता पुरुष घटकाभर आडवा झाला, तर ती वामकुक्षी. घरातील बाई आडवी झाली, तर मात्र 'झोपून राहिली'! झोप ही शरीराची गरज खरी. परंतु ती केव्हा घ्यावी, किती घ्यावी आणि मुख्य म्हणजे कोणी घ्यावी, हे निरनिराळ्या समाजांनी आपापल्या कामाच्या सोयीने ठरवलेले आहे. हा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण आपल्या घराकडे नव्या दृष्टीने पाहायला लावणाराही आहे.

प्रथम युरोपकडे पाहू. रात्री एकदा डोळा लागला की सकाळपर्यंत सलग झोप, हीच निसर्गाची रीत असे आज सर्वत्र मानले जाते. रॉजर एकिर्च या अमेरिकन इतिहासकाराने जुन्या रोजनिशा, न्यायालयांतील जबान्या आणि वैद्यकाची पुस्तके चाळली, तेव्हा त्यांना वेगळेच आढळले. त्यांचा निबंध २००१ साली व ग्रंथ २००५ साली प्रसिद्ध झाला. यंत्रयुगापूर्वी इंग्लंडात आणि युरोपच्या इतर भागांत लोक 'पहिली झोप' आणि 'दुसरी झोप' असे शब्द सहज वापरीत. मध्यरात्रीच्या सुमारास जाग येई. तास-दीड तास कोणी प्रार्थना करी, कोणी गप्पा मारी, कोणी शेकोटीत लाकूड सारी. बायका राहिलेली घरकामे उरकीत. मग पुन्हा डोळा लागे. त्या जागेपणाला कोणी रोग म्हणत नसे.

ही रीत मोडली दिव्याने आणि घड्याळाने. १८०७ साली लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर गॅसचे दिवे लागले. पुढे शहरोशहरी रात्र उजळली आणि लोक उशिरा निजू लागले. उठायचे मात्र कारखान्याच्या वेळेवर. घरोघरी गजराचे घड्याळ नव्हते, म्हणून इंग्लंडच्या गिरण्यांच्या गावांत मजुरांना उठवण्याचा एक धंदाच निघाला. आठवड्याला काही पेन्स घेऊन हे लोक पहाटे लांब काठीने वरच्या मजल्याच्या खिडकीवर टकटक करीत. या धंद्यात बायकाही होत्या. इतरांना वेळेवर जाग यावी म्हणून ज्यांनी आपली पहाटेची झोप विकली, त्यांचीही इतिहासाने नोंद ठेवली पाहिजे.

आता जेथे वीज पोहोचली नव्हती, तेथील माणसे कशी निजतात ते पाहू. टांझानियातील हाडझा, नामिबियातील सान आणि बोलिव्हियातील त्सिमाने या तीन समाजांतील ९४ प्रौढांच्या झोपेची मनगटी यंत्राने केलेली मोजणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. शिकार, कंदमुळे आणि थोडी शेती यांवर जगणारी ही माणसे दिवेलागणीलाच निजत असतील, असा आपला समज. पण ती सूर्यास्तानंतर सुमारे सव्वातीन तासांनी निजतात, बहुधा सूर्योदयापूर्वी उठतात आणि प्रत्यक्ष झोप भरते ती सरासरी पावणेसहा ते सात तास. दुपारची झोप क्वचितच. सान आणि त्सिमाने यांच्या भाषांत तर निद्रानाशाला शब्दच नाही! युरोपातली दोन टप्प्यांची झोप त्यांच्यात दिसली नाही. ती थंड मुलखातील लांबलचक हिवाळी रात्रींची देणगी असावी, असे त्या संशोधकांना वाटते.

याच हाडझा लोकांविषयीची आणखी एक गोष्ट आपल्यातील वडीलधाऱ्या भगिनींना विशेष आवडेल. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ३३ माणसांची झोप २० दिवस नोंदली गेली. एवढ्या अवधीत सगळीच्या सगळी एकाच वेळी निजलेली आहेत, असा वेळ भरला अवघा १८ मिनिटे. कोणी ना कोणी जागे असे, किंवा अर्धवट झोपेत कूस बदलत असे. तरुण उशिरा निजत, वयस्क लवकर निजून लवकर उठत. त्यामुळे वस्तीवर पहारा न नेमताच पहारा होई. पहाटे चारला जाग येणाऱ्या आजीला घरात बोलणी बसतात. पण मानवाच्या आरंभीच्या काळी तिच्याच जागेपणामुळे नातवंडे निर्धास्त निजत असतील, असे हे संशोधक म्हणतात.

हाडझांच्या श्रमांचे मापही घेतले गेले आहे. बायका कंद खणायला आणि फळे गोळा करायला रोज सुमारे सहा किलोमीटर चालतात, पुरुष त्याच्या जवळजवळ दुप्पट. पण हीच माणसे दिवसाचे सुमारे दहा तास विश्रांतीतही घालवतात! खुर्चीत रेलून नव्हे, तर उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसून, म्हणजे पायांचे स्नायू थोडे राबतच असतात. चालणे भरपूर, आणि बसणेही मनमोकळे.

याच्या उलट टोक जपानचे. प्रगत देशांच्या संघटनेने २०२१ साली मांडलेल्या आकड्यांत ३३ देशांपैकी जपानी माणसाची झोप सर्वांत कमी, ७ तास २२ मिनिटे, भरली. आगगाडीत किंवा सभेत बसल्या बसल्या डुलकी घेण्याला तेथे 'इनेमुरी' म्हणतात. असा माणूस आळशी नव्हे, तर कामाने दमलेला मानला जातो. तथापि बहुतेक देशांत बायका पुरुषांपेक्षा थोडे अधिक निजतात, आणि जपानात मात्र कमी, ही गोष्ट विसरता येत नाही.

येथे कोणी म्हणेल, कष्ट करणाऱ्याला झोप आपोआप लागते आणि प्रकृतीही ठणठणीत राहते. त्यात तथ्य आहे. १९५३ साली डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दोन मजली बसवरील कर्मचाऱ्यांची तुलना केली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिन्याने सतत वरखाली करणाऱ्या कंडक्टरला हृदयविकार पुष्कळ कमी होता. व्यायामाच्या शास्त्राचा पाया येथेच घातला गेला. परंतु २०२१ साली डेन्मार्कमधील कोपनहेगनच्या एक लाखाहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली, तिने दुसरी बाजू दाखवली. फावल्या वेळात आपखुशीने केलेली हालचाल हृदयाला हितकर दिसली. कामावरचे जड कष्ट मात्र अपायकारक दिसले. संशोधकांनी सुचवलेले कारण असे की, व्यायामानंतर माणूस विसावा घेतो. पोटासाठी तासन्‌तास उपसलेल्या कष्टांत विसाव्याला जागा नसते.

भगिनींनो, हा भेद कळायला आपल्याला कोपनहेगनला जावे लागत नाही. आपल्या आज्या-पणज्यांचे जाते पुरे आहे. तांबडे फुटण्याच्या कितीतरी आधी उठून दिवसाचे पीठ दळायचे, मग पाणी, झाडलोट, चूल, रांधणे, आणि रात्री सर्वांच्या मागून आडवे व्हायचे. त्या पहाटेने मराठीला ओव्यांचे भांडार दिले. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ते धन अमोल आहे. पण ज्या बाईने ती ओवी गायिली, तिची झोप पुरी झाली होती काय, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. गावात पिठाची गिरणी आली, तेव्हा ओवी थांबली हे खरे. आणि सुनेला पहाटेचा तासभर मिळाला हेही तितकेच खरे. 'पूर्वीच्या बायकांना व्यायामाची गरज नव्हती' असे म्हणणाऱ्यांनी ही दुसरी बाजूही सांगावी.

गिरणी आली, नळ आला, गॅस आला; तरी वाटणी फारशी बदललेली नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यातला रोजचा वेळ २८९ मिनिटे, आणि पुरुषांचा ८८ मिनिटे आढळला. हे तास कोठून तरी कापले जाणारच, आणि निजेतून कापणे सर्वांत सोपे, कारण त्याबद्दल घरात कोणी तक्रार करीत नाही.

तात्पर्य काय? मध्यरात्री घटकाभर जाग आली म्हणून घाबरू नये. आपल्याआधी असंख्य माणसे अशीच जागली आहेत. मात्र जाग रोजच छळू लागली किंवा दिवसा ग्लानी येऊ लागली, तर डॉक्टरांना दाखवावे. प्रौढांना निदान सात तास झोप हवी, असे आजचे वैद्यक सांगते. घरकामाने पाय दुखले म्हणजे चालण्याचा व्यायाम झाला असे समजू नये. मैत्रिणींबरोबर संध्याकाळी मोकळेपणी अर्धा तास चालावे. आणि रात्रीचे ओटा आवरणे, दूध तापवणे, सकाळचे डबे, ही कामे घरात वाटून द्यावीत.

जनाबाईची कथा आपल्याकडे किती आवडीने सांगतात! एकटीने दळता दळता ती थकली, तेव्हा विठ्ठलाने येऊन जात्याच्या खुंट्याला हात लावला. दळणे टळावे असा चमत्कार लोकांनी कल्पिला नाही. दळायला दुसरा हात मिळावा, एवढाच कल्पिला. आज त्या हातासाठी पंढरीकडे पाहण्याचे कारण नाही; तो घरातच, बहुधा वर्तमानपत्र धरून, बसलेला असतो.